बाय बोलायला लागली

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझी आई मालवणी बोलते, मीही तिच्याशी मालवणीच बोलतो. बायको धारवाडची, तिचं माहेर पक्कं कन्नड. बेळगावात नोकरीला असताना आमची ओळख झाली, तेव्हा आम्ही मराठीत बोलायचो. ती सवय दोघांत अजून आहे. पण मुलगी झाली त्या दिवसापासून बायकोने तिच्याशी कन्नड सोडून दुसऱ्या भाषेत बोलणं केलेलं नाही. मुलीला आम्ही सगळेच बाय म्हणतो. बाय आता दोन वर्षांची होऊन गेली आणि दिवसभर बोलते. सकाळी डोळा उघडला की जे सुरू होतं ते रात्री पेंगता पेंगता अर्धं वाक्य तोंडात राहीपर्यंत.

आमच्या वेंगुर्ल्यात कन्नड सून म्हटल्यावर लोकांना अजून नवल वाटतं. खरं तर वाटायला नको. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला हे बेळगावच्या छावणीचं बंदर होतं. इथे गलबतांतून माल उतरायचा आणि बैलगाड्यांनी आंबोलीचा घाट चढून वर जायचा. 1880 च्या दशकात मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि आमच्या बंदराची रया गेली. पण बेळगावची भाजी आजही घाट उतरून आमच्या बाजारात येते. घाटावरची आणि घाटाखालची माणसं एकमेकांना कायमच ओळखत आली आहेत. माझ्या लग्नात नवीन असं काही नव्हतं.

बायचा पहिला शब्द कोणता, यावर घरात एकमत नाही. आईच्या मते ती 'आजी' म्हणाली. बायको म्हणते, नाही, 'अज्जी' म्हणाली, कारण त्या वेळी समोर फोनवर धारवाडची आजी होती. मला दोघींचंही पटतं. आधी कितीतरी दिवस नुसतं बाबाबा, मग ददद, मग जेवताना एक मम्मं, आणि त्यातूनच कधीतरी कोणाकडे तरी बघून काढलेला एक आवाज. तो शब्द झाला असं आपण ठरवतो. तिच्या बाजूने बघितलं तर बोलण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. नुकतंच जन्मलेलं मूल आईचा आवाज इतर बायकांच्या आवाजांतून ओळखतं, हे 1980 साली प्रयोगाने दाखवलं गेलं. म्हणजे ते आईच्या पोटातूनच ऐकत आलेलं असतं.

याहून मोठं आश्चर्य मला वाटलं ते जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या दोघांच्या 1984 च्या कामाचं. आपल्या 'त' आणि 'ट' मधला फरक इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना सहसा ऐकू येत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना तो ऐकू येत होता. हिंदीतले हे दोन आवाज त्यांनी वेगळे ओळखले. दहा-बारा महिन्यांपर्यंत ती ओळख जवळजवळ गेली, कारण घरात कोणी त्या दोन आवाजांत फरक करून बोलतच नव्हतं. हे वाचल्यावर मी पाळण्यातल्या बायकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ती नुसती पडून पंख्याकडे बघतेय असं आम्हाला वाटायचं, तेव्हा तिच्या कानांत निवड चालली होती. कोणते आवाज या घरात कामाला येणार, कोणते नाही. त्या वर्षात जो तिच्याशी बोलला त्याचे आवाज तिने ठेवले. सुदैवाने ट, ड, ण, ळ ही मंडळी आमच्या दोन्ही भाषांत आहेत. तोंडात मात्र ळ अजून बसलेला नाही. केळा मागताना ती 'केया' म्हणते, आणि पाऊस आला की माझ्या बायकोला 'मये, मये' म्हणून ओढत पडवीत नेते. कन्नडात पावसाला मळे म्हणतात. दोन्ही भाषांतला ळ तिने सारखाच सोडून दिला आहे आणि माझी खात्री आहे की दोन्हीकडे तो एकदमच येईल.

मासळी आली की आई मागल्या दारी आडाळो, म्हणजे विळी, घेऊन बसते. बाय तिच्या शेजारी पाटावर, आणि मांजर दोघींच्या पाठीशी. आई एकेक मासा हातात घेऊन तिला दाखवते. "ह्यो बघ बांगडो. ही तारली. ह्या सुंगट, हात लावू नको गो, टोचात." मग मासा साफ करून टोपात टाकते आणि पुढचा घेते. हे रोज चालतं, आणि घाईत असली तरी ती दाखवल्याशिवाय मासा कापत नाही. एक दिवस मासेवाली दारात आली, तिने टोपली उतरवली आणि बाय ओरडली, "बांगो इलो!" मग टोपलीत वाकून, "ताली इली!" आणि सुंगटांकडे बोट दाखवून, "शुंग इला!" मी दारातच उभा होतो. बांगडो इलो, तारली इली, सुंगट इला. इलो म्हणजे आला, सुंगट म्हणजे कोळंबी. तिन्ही लिंगं बरोबर, क्रियापदासकट. आम्ही शाळेत कोष्टक पाठ करून जे शिकलो ते तिने माशांच्या टोपलीतून उचललं होतं. मध्ये काही दिवस ती "आजी इलो" म्हणायची, तेही आपोआप गेलं. कोणी टोकलं नव्हतं. आई फक्त तेच वाक्य पुन्हा बरोबर म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची.

आणि हीच बाय तिच्या आईच्या कडेवर बसून खिडकीतून बघताना दुसऱ्याच व्यवस्थेत असते. कावळा आला की "कागे बंतु", एसटी आली की "बस्सु बंतु", पाऊस आला की "मये बंतु". कन्नडात माणसं सोडली तर बाकी सगळ्यांचा कारभार एकाच प्रत्ययावर चालतो. तिथे ती इलो-इली-इला शोधत बसत नाही. एका खोलीत तीन दारं आहेत, शेजारच्या खोलीत एकच, आणि ती दोन्हीकडे न अडखळता ये-जा करते.

ती हे कसं करते याचं उत्तर मला तिच्या मानेत दिसलं. बोलण्याआधी ती मान वळवून समोर कोण आहे ते बघते. आजी असेल तर पाणी, आई असेल तर नीरु. तिच्या लेखी ही दोन भाषांमधली निवड नसावी. आजीशी असं बोलतात आणि आईशी तसं, एवढंच तिला ठाऊक आहे. आईने एकदा हौसेने सुनेकडून शिकून तिला "नीरु बेका?" असं विचारलं. बायने तिच्याकडे रोखून बघितलं आणि पेला ढकलून जोरात "पाणी!" म्हणाली. आजीने आईची भाषा बोलणं तिला पसंत पडलं नाही. मग आईने "बरा गो, पाणी पी" म्हटल्यावर ती शांतपणे प्यायली.

यावर कोणी तरी आधीच लिहिलं असणार असं वाटून शोधलं, तर शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचं सापडलं. झ्यूल रोंजा नावाचे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ होते, बायको जर्मनभाषक. मुलगा लुई झाल्यावर त्यांनी मोरिस ग्रामों या सहकारी अभ्यासकाचा सल्ला घेतला. बापाने फ्रेंच बोलायचं, आईने जर्मन, अदलाबदल करायची नाही. लुईच्या बोलण्याची त्यांनी नोंद ठेवली आणि 1913 साली ती प्रसिद्ध केली. मूल दोन्ही भाषा नीट शिकलं. आमच्याकडे असं काही ठरवलेलं नव्हतं. प्रत्येक जण आपल्याला जे येतं ते बोलत राहिला. आपल्या देशात लाखो घरांत हेच चाललेलं आहे आणि कोणाला त्याची वही ठेवावीशी वाटलेली नाही.

बाय दीड वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. शेजारचं तिच्याच वयाचं मूल भराभर शब्द बोलायचं, बाय कमी. ओळखीतल्या एका शिकल्यासवरल्या माणसाने आम्हाला जवळ बसवून सांगितलं, की पोर गोंधळतंय, त्याच्याशी एकच भाषा बोला, कन्नड तेवढी बंद करा. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. घरी आल्यावर मी हे बायकोच्या कानावर घातलं. ती भांडी लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग मी तिच्यावर रागावू कुठल्या भाषेत?"

त्या प्रश्नापुढे विषयच संपला. तिची मराठी उत्तम आहे. बँकेत, बाजारात, माझ्याशी भांडताना ती कुठे अडत नाही. पण रात्री दोन वाजता ताप आलेल्या लेकराला छातीशी धरून जे तोंडातून येतं ते तिच्या आईने तिच्यासाठी जे काढलं होतं तेच येतं. ते मराठीत आणायचं तर तिला आधी विचार करावा लागेल. आईने लेकीला जवळ घ्यायच्या आधी विचार करावा, असा सल्ला कोणी द्यावा हे मला आजही सहन होत नाही.

आणि तो सल्ला खराही नव्हता. आम्ही बायचे शब्द मोजताना फक्त मालवणी शब्द मोजत होतो. कन्नडातलेही धरले तेव्हा शेजारच्या मुलाच्या फार मागे ती नव्हतीच. अमेरिकेत मायामीला स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही ऐकणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास झाला होता. बार्बरा पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1993 साली मांडला. एकेका भाषेतले शब्द मोजले तर ही मुलं एकभाषी मुलांच्या मागे वाटू शकतात, दोन्ही भाषांतले एकत्र धरले तर बरोबरीत येतात. इतकी साधी बाब आहे, पण अर्धी टोपली मोजून पोराला मागास ठरवणारी माणसं गावोगाव आहेत.

एक गोष्ट मात्र आईबापांनी ध्यानात ठेवावी. वर्षाचं मूल बाबाबा-दादादा असे आवाज काढत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, 16 ते 18 महिन्यांपर्यंत अर्थाचा एकही शब्द नसेल, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये, आधी कान तपासून घ्यावेत. 'दोन भाषा आहेत म्हणून उशीर होतोय' असं म्हणत वाट बघण्यात मोलाचे महिने जातात. बायचेही कान आम्ही तपासून घेतले. ते ठीक होते.

कन्नडवर बाहेरून दडपण आलं तसंच मालवणीवर घरातून आलं. मे महिन्यात मुंबईची पाहुणेमंडळी आली होती. त्यांतल्या एका मावशींनी आईला प्रेमाने समजावलं, "अगो, तिच्याशी जरा शुद्ध बोल. शाळेत हसतील तिला." आईने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती बायला म्हणाली, "बाळा, इकडे ये. पाणी हवे का?" आणि गप्प झाली. पुढे काय बोलायचं ते तिला सुचेना. एरवी तिच्या तोंडाला खळ नसतो. माड, कोंबडी, शेजारणीची सून, कालचा पाऊस, जे दिसेल त्यावर ती बायशी बोलत असते. शुद्ध बोलायला लागल्यावर तिच्याकडे फक्त प्रश्न उरले. हवे का, नको का, झोपतेस का. बाय उत्तर द्यायची नि निघून जायची. पाहुणे गेले, मासळी आली, आणि बांगडो-तारली शुद्धात कशी दाखवणार म्हणून आई पुन्हा आपल्या बोलण्यावर आली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी कामावर उशिरा गेलो.

मालवणीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं ते याचंच. मच्छिंद्र कांबळींनी तिला मुंबईच्या रंगभूमीवर नेलं आणि सगळ्या महाराष्ट्राच्या कानावर घातलं, ते त्यांचं फार मोठं काम. पण त्यानंतर लोकांनी तिला हसण्यापुरतीच ठेवली. मालवणी म्हटलं की गाऱ्हाणं, शिव्या आणि हशा. जनगणनेत तिची मोजदाद कोकणीच्या पोटात होते, आमच्यातले बरेच जण मराठी लिहून मोकळे होतात, आणि पोरांशी बोलताना सोडून देतात. मग ती राहणार कुठे? पोरं ती आजूबाजूला ऐकतील, समजतीलही, पण बोलणार नाहीत. मूल ती बोलेल ते कोणी तरी त्याच्याशी, त्याचं नाव घेऊन, त्याच्या हातात मासा देऊन बोललं तर.

हे माझं आजीप्रेमातून आलेलं मत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 साली एक प्रयोग मांडला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांबरोबर चिनी भाषा बोलणारी माणसं बसली, खेळली, पुस्तकं दाखवली. काही आठवड्यांत त्या बाळांना चिनीतले बारीक आवाज वेगळे ऐकू यायला लागले. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. म्हणून कन्नड कार्टून लावून कन्नड येईल, अशी आशा आम्ही धरली नाही.

धारवाडच्या अज्जीचा फोन ही वेगळी गोष्ट. ती पडद्यावर असली तरी बायला बघते, उत्तर देते, थांबते. दोन ते अडीच वर्षांची मुलं अशा समोरासमोरच्या बोलण्यातून शब्द शिकतात, असं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आमच्या घरात रेंज फक्त पडवीच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात मिळते, म्हणून तिथे एक स्टूल कायमचं ठेवलं आहे. संध्याकाळी बाय त्यावर चढून बसते. अज्जी तिकडून कणीक मळत असते, बाय इकडून हातातलं काहीबाही पडद्याला लावून दाखवते. आवाज तुटला की बाय फोनवर हात आपटून "अज्जी, बा!" म्हणते. बा म्हणजे ये.

भेसळीची तक्रारही लोक करतात. "पाणी बेकु", "हालु व्हया" असं ती कधीकधी म्हणते, दूध कन्नड नि मागणं मालवणी. हल्ली ते कमी झालं आहे. पण ज्या गावात मोठी माणसं "टायर पंक्चर झालो, स्टँडवरसून रिक्षा करून इलंय" असं सरसकट बोलतात तिथे दोन वर्षांच्या पोरीने हाताशी आलेला शब्द वापरला तर बिघडलं कुठे? मागायचं होतं ते तिने मागितलं आणि तिला मिळालं.

जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचं आहे आणि तिथे इंग्रजी येणार. येऊ दे. घरातलं बोलणं त्यासाठी बदलायचं नाही, एवढं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं आहे.

यंदा चतुर्थीला अज्जी धारवाडहून आली. आंबोलीत दरड पडल्याने वाट अडली होती, ती दमूनभागून पोचली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, करायला चुलीपाशी बसली. आई मोदकांची उकड काढत होती. दोघींना एकमेकींचं बोलणं येत नाही. आम्ही नवराबायको गणपतीच्या वरची माटवी बांधत होतो, मध्ये पडायला कोणी नव्हतं. अज्जी फडताळातल्या बरण्या उघडून बघत स्वतःशीच म्हणाली, "उप्पु एल्ली?" बाय खाली बसून नारळाच्या करवंट्या एकात एक घालत होती. तिने अज्जीकडे बघितलं, मग मान वळवून आजीकडे.

"आजी, मीठ खय?"

आईच्या हातातला उलथना तसाच राहिला. तिने मिठाची बरणी काढून बायच्या दोन्ही हातांत दिली, बरणी अज्जीकडे पोचली तसं अज्जीने बायला जवळ ओढून काहीतरी लांबलचक कन्नडात म्हटलं, आणि आई चुलीपाशी वाकून पुन्हा उकड ढवळायला लागत म्हणाली, "आता इचार गो अज्जीक, आणखी काय व्हया ता."